क्लाउडवरच्या टॅलीतून डॉट मॅट्रिक्सला बिल निघता निघेना! (रिमोट डेस्कटॉपवरची छपाई, चित्र, आवाज)

सुतावरून_स्वर्ग

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब बघते. एप्रिलपासून मालकांनी टॅली ऑफिसच्या पीसीवरून उचलून भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली. त्याबद्दल तक्रार नाही. भिवंडीचा माणूस तिथूनच नोंदी करतो, सीए साहेब सांगलीत बसून खाती बघतात आणि लाईट गेली तरी डेटा जागेवर असतो. घोडं अडलंय ते छपाईवर.

आमचं बिल तीन प्रतींत निघतं, मध्ये कार्बन, १० बाय ६ इंचाचा सलग कागद, प्रिंटर ९ पिनांचा. पूर्वी एंटर मारला की टर्र टर्र करत बिल बाहेर यायचं आणि दारातला ट्रक हलायचा. आता एकेका ओळीवरून हेड दोन-तीनदा फिरतं, अक्षरं करडी येतात आणि तिसऱ्या प्रतीवर तर वाचण्यासारखं काही उमटतच नाही. शिवाय कागद सहा इंचांवर थांबत नाही, पुढच्या बिलाच्या मधोमध जाऊन उभा राहतो. प्रिंटरच्या नावापुढे आज 'रीडायरेक्टेड ३', उद्या 'रीडायरेक्टेड ९'.

गंमत म्हणजे त्याच पीसीला जोडलेल्या लेझरवर ई-वे बिल अगदी व्यवस्थित निघतं.

सर्व्हरवाले म्हणतात, तुमचं नेट स्लो आहे. खरंच नेटचा दोष असतो का हा? कुणी यातलं जाणकार असेल तर सांगा.

चहाबाज

ताई, नेटच असणार. फायबर घ्या, सगळं सुतासारखं सरळ होईल. (नावावरून सुचलं, रागावू नका.)

पडद्यामागचा

नेटचा काही संबंध नाही. नेट मंद असतं तर बिल उशिरा सुरू झालं असतं, पण सुरू झाल्यावर नेहमीच्याच आवाजात निघालं असतं. हेड एकाच ओळीवर दोन-तीनदा फिरतंय म्हणजे प्रिंटरला मजकूर मिळत नाहीये, चित्र मिळतंय.

पुण्यात व्हीडीआय (सर्व्हरवर चालणारे, लांबून वापरायचे डेस्कटॉप) सांभाळणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

डॉट मॅट्रिक्सच्या पोटात स्वतःचे फॉन्ट असतात. ऑफिसच्या पीसीवर टॅली असताना ड्रायव्हर नुसती अक्षरं पाठवायचा, सोबत 'इथे बारीक टाइप, इथे ठळक' असे चार हुकूम. प्रिंटर आपल्या फॉन्टमधून एका फेरीत ओळ ठोकायचा, म्हणून वेगही होता आणि तिसऱ्या प्रतीपर्यंत पोचेल असा मारही.

रिमोट सेशनमध्ये विंडोज मुळात काय करतं? सर्व्हरवर तुमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर नसतोच. विंडोज सर्व्हर २००८ पासून 'ईझी प्रिंट' नावाची सोय आहे. सर्व्हर पान एक्सपीएस (पीडीएफसारखं मायक्रोसॉफ्टचं पानाचं स्वरूप) मध्ये तयार करतो, ते आरडीपीच्याच (रिमोट डेस्कटॉपचा प्रोटोकॉल) वाटेने तुमच्या पीसीवर येतं आणि तिथला खरा ड्रायव्हर ते छापतो. लेझर, इंकजेटला हे उत्तम, कारण त्यांना पान चित्र म्हणूनच हवं असतं. तुमचं ई-वे बिल नीट निघतं ते याचमुळे. पण या प्रवासात प्रिंटरच्या पोटातले फॉन्ट टॅलीला दिसतच नाहीत. बिलाचं चित्र होतं आणि बिचारा ९ पिनांचा प्रिंटर ते ठिपक्याठिपक्यांनी काढत बसतो.

खात्री करायची असेल तर तुमच्या पीसीवर प्रिंटरची रांग उघडा आणि बिल पाठवल्यावर 'साइझ' हा रकाना बघा. मजकूर म्हणून आलेलं बिल काही केबीचं असतं. चित्र म्हणून आलेलं कितीतरी पटींनी फुगलेलं दिसेल.

आता उपाय. सर्व्हरवाल्यांकडून दोन कामं करून घ्या. एक, तुमच्या पीसीवर जो ड्रायव्हर आहे तोच, अगदी त्याच नावाचा, सर्व्हरवर टाकायला सांगा. नावात एका अक्षराचा फरक असला तरी जोडी जुळत नाही. दोन, ग्रुप पॉलिसीत (विंडोजमध्ये अ‍ॅडमिनने ठरवायचे नियम) 'यूझ रिमोट डेस्कटॉप ईझी प्रिंट प्रिंटर ड्रायव्हर फर्स्ट' हे डिसेबल करायला सांगा. मग सर्व्हर आधी खरा ड्रायव्हर शोधतो आणि प्रिंटरच्या भाषेतला माल थेट तुमच्या पीसीवर येतो. टॅलीच्या छपाईत नीट मोड, डॉट मॅट्रिक्स आणि क्विक/ड्राफ्ट असे प्रकार आहेत, तिथे नीट मोड सोडा.

ते कुरकुर करतील आणि त्यांची कुरकुर अगदीच फोल नाही. एका सर्व्हरवर अनेक गिऱ्हाइकं असतील तर एका वाईट ड्रायव्हरने स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) बसतो आणि सगळ्यांचीच छपाई बंद पडते. विंडोज एनटी ४ च्या काळात ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालायचे, तेव्हा तर अख्खा सर्व्हर निळा पडदा दाखवून बंद पडायचा. शिवाय २०२१ च्या जुलैत 'प्रिंटनाइटमेअर' प्रकरण (छपाईच्या व्यवस्थेतलं सुरक्षेचं भोक) झालं, त्यानंतर ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर टाकण्याचा अधिकार मुळातच फक्त अ‍ॅडमिनपुरता ठेवला. म्हणजे तुम्ही स्वतः काही करू शकत नाही, त्यांनाच करावं लागेल.

सुतावरून_स्वर्ग

किती नीट समजावलंत! रांगेतला साइझ आत्ता बघितला, खरंच भला मोठा आकडा येतोय. कागद पुढे सरकतो त्याचं काय पण? आणि रोज बदलणारा नंबर?

पडद्यामागचा

तो नंबर सेशनचा आहे. नवीन सेशन, नवीन नंबर. ज्या प्रोग्रॅममध्ये प्रिंटरचं नाव पक्कं लिहून ठेवलेलं असतं तिथे यामुळे घोळ होतो. आपल्या पीसीवर डॉट मॅट्रिक्स 'डिफॉल्ट' करा, सेशनमध्येही तोच डिफॉल्ट म्हणून येतो. फक्त विंडोजच्या सेटिंगमधलं 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा. ते चालू असेल तर तुम्ही ई-वे बिल लेझरवर काढलंत की लेझर डिफॉल्ट होतो आणि पुढचं बिल तिकडे जातं.

कागदाचं कारण वेगळं. १० बाय ६ हे माप तुमच्या पीसीवर 'फॉर्म' म्हणून बनवलेलं असणार. खरा ड्रायव्हर सर्व्हरवर आला की हे माप सर्व्हरवरही बनवावं लागतं, प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये, त्याच नावाने. नाहीतर सर्व्हर आपल्या ओळखीचं माप धरतो आणि तेवढा कागद पुढे ढकलतो.

मांडवी

पणजीत आमचं छोटं हॉटेल. बिलिंग रिमोटवर घेतल्यावर ८० मिमीच्या थर्मल प्रिंटरवर पावती छान येत होती, पण गल्ला उघडायचा बंद झाला! आता कळलं. गल्ला उघडायचा हुकूम प्रिंटरच्या एका खास फॉन्टमधलं अक्षर म्हणून पाठवायचो. तो फॉन्टच दिसत नसेल तर हुकूम कुठला पोचणार. आम्ही सध्या किल्ली लावून उघडतो, पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असतं तोवर ठीक आहे.

पडद्यामागचा

अगदी तेच दुखणं. बारकोडचं लेबल छापणाऱ्यांनाही हेच भोवतं. प्रिंटरची स्वतःची भाषा बोलणारं जे जे काही आहे, ते ईझी प्रिंटच्या चाळणीतून जात नाही.

टी_स्क्वेअर

धागा छपाईचा आहे, पण शीर्षकात 'चित्र' दिसलं म्हणून घुसतो. नाशिकला आर्किटेक्टचं ऑफिस. लॉकडाउनपासून मुलं घरून ऑफिसच्या सर्व्हरवर येतात. टूडी ड्रॉइंग चालतं. थ्रीडी मॉडेल फिरवायला गेलं की एक धक्का, मग थांबा, मग दुसरा धक्का. सर्व्हर ३२ कोअरचा आहे हो! आणि एकाने 'रिमोटएफएक्स चालू करा' सांगितलं, तर तो पर्याय सापडतच नाही.

पडद्यामागचा

सापडणार नाही, गेला तो. कॅलिस्टा टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये घेतली, तिच्या कामातून २०११ मध्ये सर्व्हर २००८ आर२ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये रिमोटएफएक्स आलं. एक ग्राफिक्स कार्ड अनेक व्हर्च्युअल मशिनांना (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) वाटून द्यायचं. पुढे त्यात सुरक्षेची भोकं सापडली. मुळाची रचनाच अशी की नीट बुजवता येईनात, म्हणून जुलै २०२० मध्ये अपडेटनेच ते बंद केलं आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये काढूनच टाकलं. अजून जुने लेख फिरत असतात आणि लोक तो पर्याय शोधत बसतात.

तुमच्या ३२ कोअरचं म्हणाल तर ते या कामाचे नाहीत. सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड आहे का? नसेल तर थ्रीडी सगळं सीपीयूवर रंगवलं जातं, वर त्याच सीपीयूने पडदा दाबून नेटवर पाठवायचा. १९२० बाय १०८० चा पडदा, पिक्सेलला २४ बिट, सेकंदाला ३० चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला साधारण १.५ गिगाबिट होतात. हे काही एमबीपीएसमध्ये बसवायचं तर एन्कोडिंगचा भार मोठा असतो आणि तो कार्डावर गेलेलाच बरा.

कार्ड असेल तर तिथेही एक मेख आहे. सर्व्हर विंडोजवर रिमोट सेशन आपणहून ते कार्ड वापरत नाही. 'यूझ हार्डवेअर ग्राफिक्स अडॅप्टर्स फॉर ऑल रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस सेशन्स' ही पॉलिसी चालू करावी लागते. मग 'एच.२६४/एव्हीसी हार्डवेअर एन्कोडिंग' ची वेगळी (एव्हीसी ही व्हिडिओ दाबायची पद्धत). दोन्ही केल्यावर लागू झालं का हे अंदाजाने ठरवू नका, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आरडीपीकोअरटीएसच्या नोंदीत बघा. इव्हेंट १७० म्हणजे हार्डवेअर एन्कोडर चालू आहे की नाही, १६२ म्हणजे कुठला एव्हीसी प्रकार लागलाय ते.

कार्ड व्हर्च्युअल मशीनला द्यायचं असेल तर हायपर-व्हीमध्ये (मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल मशिनं चालवायचं सॉफ्टवेअर) डीडीए आहे, पण त्यात अख्खं कार्ड एकाच मशीनला जातं. वाटून घ्यायचं तर एनव्हिडियाचं व्हीजीपीयू. उदाहरणार्थ २०१८ सालचं टी४ कार्ड, १६ जीबी मेमरी, अवघे ७० वॅट. ४ जीबीचे चार भाग केले तर चार डिझायनर बसतात. लायसन्सचा खर्च वेगळा धरा, तो दरवर्षी येतो आणि अंदाजपत्रकात तोच सगळे विसरतात. तुमच्यासारख्या ऑफिसला माझ्या मते हा खटाटोप परवडणार नाही. थ्रीडी करणाऱ्या दोघा-तिघांना कार्डवाला साधा वर्कस्टेशन ऑफिसात ठेवा आणि घरून थेट त्यावर येऊ द्या. सर्व्हर बाकीच्यांना.

टी_स्क्वेअर

दोन वर्कस्टेशन धूळ खात पडलेत ऑफिसात! करून बघतो. आणि आमचे ए० चे प्लॉट?

पडद्यामागचा

ते रिमोट सेशनमधून प्लॉटरला पाठवूच नका. सर्व्हरवर पीडीएफ करा, फाइल इकडे आणा, इथून छापा. ८४१ बाय ११८९ मिमीचं हॅचने भरलेलं पान रीडायरेक्ट करायला लागलात तर बाकीच्यांचे पडदेही अडखळतील, कारण सगळं एकाच वाटेने जातं.

नाइट_शिफ्ट

हिंजवडी. अमेरिकेतल्या क्लायंटच्या व्हीडीआयवर कोड लिहितो. आरडीपी नाही, दुसरा प्रोटोकॉल आहे. माझा प्रश्न बावळट वाटेल. काळ्या पार्श्वभूमीवर लाल आणि निळी अक्षरं नेहमी धुरकट दिसतात, पांढरी मात्र लख्ख. रिझोल्यूशन बरोबर, स्केलिंग १००. डोळ्यांचा नंबर तपासून आलो, तो आहे तेवढाच आहे.

पडद्यामागचा

बावळट अजिबात नाही, फार नेमकं निरीक्षण आहे. याला ४:२:० म्हणतात. व्हिडिओ कोडेक (चित्र दाबणारं आणि उलगडणारं सॉफ्टवेअर) उजेड आणि रंग वेगळे करतो. उजेड प्रत्येक पिक्सेलचा पाठवतो, रंग मात्र चार पिक्सेल मिळून एकच. रांगोळीत रेघ बारीक काढायची आणि रंग मुठीने टाकायचा, तसं. सिनेमात कळत नाही, कारण माणसाचा डोळा रंगाच्या कडांबद्दल ढिला असतो. पण काळ्यावर लाल अक्षर म्हणजे जवळपास सगळी माहिती रंगातच. पांढऱ्यात ती उजेडात असते, म्हणून ते लख्ख.

यावर उपाय ४:४:४. आरडीपीत विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ पासून एव्हीसी ४४४ आहे, त्यात ४:२:० चीच दोन चित्रं पाठवून पलीकडे जोडतात. होरायझन, सिट्रिक्स ही व्हीडीआयची दुसरी सॉफ्टवेअरं. होरायझनच्या क्लायंटमध्ये 'हाय कलर अ‍ॅक्युरसी' नावाची खूण आहे, ती तुम्ही स्वतः करू शकता. सिट्रिक्समध्ये अ‍ॅडमिनला सांगावं लागेल की व्हिडिओ कोडेक अख्ख्या पडद्याला न लावता फक्त हलणाऱ्या भागाला लावा. पीसीओआयपी हा प्रोटोकॉल असेल तर तो आधी ढोबळ चित्र पाठवून मग ते भरत भरत मूळ चित्राच्या अगदी जवळ नेतो, तिथे थांबलं की अक्षर आपोआप स्वच्छ होतं.

जुळारी

यावरून आठवलं. कोल्हापुरात छापखाना आहे आमचा. घरून रिमोटवर कामं करतो, मांडणी, प्रुफं वगैरे ठीक. पण रंग पास करायचं काम रिमोटवर करू नये असं मी पोरांना ओरडून सांगतो. वर सांगितलेली रंगाची काटछाट आहेच, आणि ऑफिसचा कॅलिब्रेट केलेला मॉनिटर कुठे, घरचा लॅपटॉप कुठे. पत्रिकेचा कुंकवाचा लाल विटकरी निघाला की गिऱ्हाईक आपल्याला धरतं, प्रोटोकॉलला नाही.

एक शंका. आमच्याकडे युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट भरपूर. ते फक्त सर्व्हरवर आहेत. घरी प्रिंट काढली तर अक्षरांच्या जागी इंग्रजी कचरा यायला हवा, पण व्यवस्थित मराठी येतं. कसं काय?

पडद्यामागचा

कारण एक्सपीएसमध्ये फॉन्ट सोबत बांधून येतो. ज्या ईझी प्रिंटला वर ताईंच्या बिलासाठी नावं ठेवली, तोच तुमच्या कामाला येतोय. फॉन्ट एम्बेड केलेल्या पीडीएफचंही तसंच. वर्डची फाइल घरी आणून उघडलीत तर मात्र कचरा दिसेल.

नाइट_शिफ्ट

हाय कलर अ‍ॅक्युरसी सापडलं. बाबो, काय फरक आहे! आता एक शेवटचं. त्याच व्हीडीआयमधून टीमसोबत कॉल घेतला की शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा आवाज आधी कानाने ऐकू येतो आणि मग हेडफोनमधून, चांगला उशिरा. हे नेट तरी स्लो आहे का?

एडिसनकर

याचं उत्तर मी देतो, रोजचंच आहे. न्यू जर्सीत राहतो, पुण्याच्या टीमसोबत काम. तुमचा माइक पुण्यात, पण कॉलचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या मशीनवर. म्हणजे शेजाऱ्याचा आवाज पुण्याहून अमेरिकेला जातो, तिथून परत पुण्याला. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नुसत्या जाण्यायेण्याचे १२५ मिलिसेकंद झाले आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, तांबड्या समुद्रातून, युरोपातून वळसे घेत येतात. फायबरचा प्लॅन कितीही महाग घ्या, प्रकाशाचा वेग काही वाढत नाही. चहाबाज, हे तुमच्यासाठी.

चहाबाज

ऐकतोय, ऐकतोय. माझा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे हो.

पडद्यामागचा

एडिसनकरांना +१. उपाय असा की आवाज आणि व्हिडिओ सर्व्हरवर उलगडायचाच नाही. मीटिंगचं ऑप्टिमायझेशन चालू असेल तर व्हीडीआयमधल्या खिडकीत फक्त एक रिकामी जागा ठेवली जाते. खरा कॉल तुमचा लॅपटॉप थेट करतो आणि व्हिडिओ त्या जागेवर वरून चिकटवतो. चालू आहे का हे ओळखायची सोपी खूण सांगतो. व्हीडीआयच्या आतून स्क्रीनशॉट घ्या. व्हिडिओच्या जागी काळा किंवा रिकामा चौकोन आला तर ऑप्टिमायझेशन चालू आहे, कारण सर्व्हरला तो व्हिडिओ दिसतच नाही. माणसांचे चेहरे आले तर सगळं अमेरिकेला जाऊन येतंय. क्लायंटच्या अ‍ॅडमिनला तिकीट टाका.

आरडीपीवाल्यांनी आणखी एक बघा. वरच्या निळ्या पट्टीवर सिग्नलच्या दांड्या असतात, त्यावर क्लिक केलं की यूडीपी (नेटवर माहिती पाठवायची एक वेगवान पद्धत) चालू आहे की नाही ते लिहिलेलं असतं. आरडीपी ८ पासून चित्र आणि आवाज यूडीपीवरून जाऊ शकतात. बऱ्याच ऑफिसांच्या व्हीपीएनमध्ये ते अडवलेलं असतं, मग सगळं टीसीपी या दुसऱ्या पद्धतीवर येतं आणि एक पॅकेट हरवलं की मागचे सगळे थांबतात. ३३८९ हा पोर्ट थेट इंटरनेटला उघडा मात्र ठेवू नका, त्यावर पासवर्ड ठोकून बघणारे टपलेलेच असतात.

सुतावरून_स्वर्ग

मंडळी, काम झालं, पण निम्मं. सर्व्हरवाले आधी तयार नव्हते. मालकांनी फोन केल्यावर ड्रायव्हर टाकला, पॉलिसी बदलली, १० बाय ६ चा फॉर्मही बनवला. बिल एका फेरीत निघतंय, तिसरी प्रत वाचता येतेय, कागद जागेवर थांबतोय. पडद्यामागचा, तुम्हाला सूतगिरणीइतके धन्यवाद.

आता राहिलं एवढंच. बिल चित्र म्हणून निघायचं तोवर माथ्यावर पेढीचं नाव मराठीत आणि गणपतीचं छोटं चित्र असायचं. नाव आता प्रश्नचिन्हांत येतं आणि गणपती येतच नाही. मालकांना गणपती हवाय.

पडद्यामागचा

मजकूर म्हणून पाठवायचं तर प्रिंटरच्या पोटात जी अक्षरं आहेत तीच उमटणार आणि त्यात देवनागरी नाही. माथा छापील कागदावरच घ्या. १० बाय ६ चा सलग कागद माथ्यासकट छापून मिळतो, टॅलीत वरचा समास तेवढा वाढवायचा. जुळारींच्या छापखान्यात विचारा, कोल्हापूर काही लांब नाही.

जुळारी

होईल की. तीन प्रतींत, कार्बनलेस कागदातही होईल, म्हणजे कार्बन घालायची कटकटही गेली. फक्त कार्बनलेसला मार चांगला लागतो, तेव्हा प्रिंटरचं हेड आधी तपासून घ्या. मापाचा एक जुना कोरा कागद आणि गणपतीची मूळ फाइल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.